चारचा भोंगा

"बाई, जाग्या हाय का?"

सकाळचे पावणेसात. मी अंगणात कारल्याच्या वेलाला पाणी घालतेय, झारीतलं निम्मं माझ्याच पायावर सांडतंय, आणि जाळीपलीकडून आक्का विचारतायत की मी जागी आहे का. या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं. ती नांदी असते. आपण फक्त "काय झालं?" म्हणायचं आणि झारी खाली ठेवायची.

"काय हुयाचं ऱ्हायलंय? चारला सुरू झालं बघा. चारला बी न्हाय, धा कमी चारला. आधी कुई कुई, मग भो भो, मग दार खरडतंय. आता नेऊन भावाच्या दारात बांधतीच त्याला."

हे वाक्य मी बारा दिवसांत बारा वेळा ऐकलं होतं. पिल्लू जिथल्या तिथं होतं. या वेळीही ते आक्कांच्या पायाशी बसून त्यांच्या परकराची नाडी चघळत होतं.

बारामतीतून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की घरं विरळ होत जातात आणि ऊस दाट होत जातो. त्या दोघांची जिथं गाठ पडते तिथं आमची आठ घरांची सोसायटी. आमच्या आणि आक्कांच्या घरांमधे तारेची जाळी आहे. कुणी कुणाच्या हद्दीत जाऊ नये म्हणून बांधताना घातलेली. मग वाटी जावी म्हणून तिला खालच्या अंगाला भोक पडलं, आणि आता त्यातून ताट जातं. पिल्लू आल्यापासून पिल्लूही जातं.

ते आलं संक्रांतीला. आक्कांचं माहेर इंदापूर तालुक्यात, कडबनवाडीच्या माळाच्या अंगाला. ऊस तुटून गेलेल्या भावाच्या रानात धनगराचा वाडा उतरला होता. रात्री मेंढरं रानात बसवायची, लेंडीखत रानाला आणि धान्य-पैसे धनगराला, हा आपल्याकडचा जुना व्यवहार. त्या वाड्यातली कुत्री पाचटाच्या ढिगात व्याली होती, पाच पिल्लं. धनगराने एक भावाला दिलं, भावाने बहिणीला. "बारामतीला ऱ्हातीस, राखणीला ऱ्हाईल," म्हणाला. संक्रांतीला बहिणीच्या ओटीत कुत्र्याचं पिल्लू घालणारा भाऊ मी पहिल्यांदाच पाहिला. डाळिंबाच्या क्रेटमध्ये पोतं अंथरून, मोटारसायकलला बांधून त्यानेच आणून सोडलं. मातकट रंग, पुढचे दोन्ही पाय पांढरे, जसे काही चुन्यात बुडवून काढलेत. एक कान उभा, एक पडलेला. पोट मात्र मडक्यासारखं गोल. "खातंय चांगलं," आक्का कौतुकाने म्हणाल्या होत्या. त्या मडक्याची गोष्ट पुढं येईल.

नावावरून चार दिवस गेले. पुण्याच्या नातवाने फोनवर 'सिम्बा' ठरवलं. तात्यांना, म्हणजे आक्कांच्या मालकांना, 'मोती' सोडून कुत्र्याचं दुसरं नाव असतं हेच मान्य नाही. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे मला यातही मोरोपंत दिसले. पंत बारामतीचे. देवाला आळवून लिहिलेल्या काव्याला त्यांनी 'केकावली' नाव दिलं. केका म्हणजे मोराची हाक. १७९४ साली ते याच गावात वारले. सव्वादोनशे वर्षांनी त्याच गावात पुन्हा कुणीतरी टाहो फोडतंय, तर त्याला 'केका' म्हणा, असं मी सुचवलं. आक्का म्हणाल्या, "केक? वाढदिवसाचा?" मी विषय सोडला. पाचव्या दिवशी गल्लीनेच नाव पाडलं, भोंग्या. आमच्याकडे साखर कारखान्याचा चारचा भोंगा वारं असेल तसा ऐकू येतो. पाळी बदलते तेव्हाचा. हे त्या भोंग्याच्याही दहा मिनिटं आधी सुरू होतं. समोरच्या घरातला बारावीचा मुलगा तर म्हणाला, "काकू, गजर लावायची गरजच नाही राहिली." त्या घरात तेवढं एकच माणूस खूश होतं.

आता आक्कांचं दुःख नीट समजून घ्यायला हवं. पहाटे कुत्रं भुंकलं तर कोणीही वैतागेल; पण आक्कांचा हिशोब जुना आहे. त्याच एकदा जाळीला टेकून सांगत होत्या, "लगीन होऊन आले तवा सासू साडेतीनला उठवायची. मग ह्यांची चारची पाळी. तीनला उठून चूल पेटवायची, भाकरी थापायच्या, डबा भरायचा. एकतीस वर्षं. त्यात गाय घेतली, तिची धार. मग थोरल्याची धावी, मग धाकटीची. मग सासूचं आजारपण. बाई, मला कोन ना कोन उठवीतच आलंय. ह्ये निवृत्त झालं, गाय इकली, पोरं पुन्याला गेली. म्हनलं आता साडेसहापतूर झोपीन. तीन वर्षं झोपले. तीन. आन् भावानं ह्यो आणून सोडला."

मी काही बोलले नाही. माझी शाळा अकराची होती.

त्यावर भावाचा फोन आला, आणि त्याने वेगळीच हवा भरली. "आक्के, ती पहाटंचीच जात हाय," म्हणाला. "धनगराचं कुत्रं. मेंढराभवती रातभर जागतंय. लांडगा येतो तो पहाटं. त्येची आई चारला झोपली आसती तर धनगरानं ठिवली आसती व्हय?" तेवढ्यावर थांबता तर बरं. पण पुढं त्याने सांगितलं की माळावर लांडगे आहेतच, कुत्रीचं काय ठरलेलं असतं, कदाचित ह्याच्या अंगात लांडग्याचं रक्तही असेल. झालं. दुसऱ्या दिवशी आक्का पिल्लाकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागल्या. "बाई, डोळे बघा. पिवळट न्हाईत वाटत?" मला ते झोपाळू वाटले.

यात खरं किती ते सांगते. कडबनवाडी आणि इकडे बारामती तालुक्यातलं शिर्सुफळ, हे गवताळ माळ खरोखरच लांडग्यांचे आहेत. वनखात्याने तिथं सफारी सुरू केलीय, पुण्याहून गाड्या करून लोक चिंकारा आणि लांडगा बघायला येतात. आणि पुणे जिल्ह्याच्या माळांवर लांडगा आणि गावकुत्रा यांचा संकर झालेले प्राणी अभ्यासकांना सापडलेत, हेही खरं. पण म्हणून चुन्यात पाय बुडवलेलं, परकराची नाडी खाणारं हे ध्यान लांडगा होत नाही. राखणीचं कुत्रं रात्री जागतं ते वाड्यात काम असतं म्हणून. दोन महिन्यांच्या पिल्लाला कसली पाळी? ते दिवसाचे अठरा-वीस तास झोपतं. प्रश्न एवढाच, की नेमकं दहा कमी चारलाच ते का उठतं.

तोवर गल्लीत उपायांचा पाऊस सुरू झाला होता. कुणी म्हणे जेजुरीला नेऊन खंडोबाच्या पायरीवर भंडारा लावून आणा, देवाचंच जनावर ते. दूधवाला म्हणाला, रात्री पोट टम्म भरा, आपोआप झोपतंय. आक्कांनी हा उपाय मनापासून केला. पण टोकाच्या घरातल्या एकीने सांगितलं की खोकल्याचं औषध दोन चमचे पाजा, बाळांना पाजतात तसं, गुंगी येते. तेव्हा मात्र मी झारी खरोखरच आपटली आणि भाच्याला फोन लावला. भाचा शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. गाई-म्हशींच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणारा मुलगा. कुत्र्याच्या पिल्लासाठी मावशी फोन करते याचं त्याला हसूच आलं.

मी फोनचा आवाज मोठा करून तो जाळीत अडकवला. पलीकडे आक्का, अलीकडे मी, मधे कारल्याच्या पानांतून बोलणारा भाचा.

"आक्का, रात्री काय घालता त्याला?"

"भाकरी कुस्करून, दुधात. मोठी वाटी."

"किती वाजता?"

"मालिका संपल्या की. धा, साडेधा."

"आणि पाणी?"

"पातेलं भरून ठिवते की. लेकरूच हाय."

"अहो मग ते लेकरू चारला उठणार नाही तर काय करणार? अडीच महिन्यांचं पिल्लू ढोबळमानाने तीन-साडेतीन तास लघवी धरतं. महिन्यामागे एक तास, वर थोडा. झोपेत जरा जास्त. साडेदहाला वाटीभर दूध पाजून तुम्ही झोपता. ते सहापर्यंत थांबलं तर मी म्हणेन ते देवमाणूस आहे."

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. जशी काही वाटी मीच भरली होती.

मग त्याने एकेक गोष्ट विचारून घेतली आणि काय करायचं ते सांगितलं. शेवटचं जेवण सातला, फार तर साडेसातला. दूध जवळजवळ बंद, पुष्कळ पिल्लांना ते पचत नाही, पोट ढिलं होतं. पाणी तोडायचं नाही, पण नऊनंतर पातेलं भरून ठेवायचं नाही. झोपायच्या आधी दहा-साडेदहाला बाहेर न्यायचं, एकाच लिंबाखाली, रोज. ते झालं की शाबासकी आणि आत. ते झोपतं कुठं? पुढच्या पडवीत, जाळीच्या दाराशी. म्हणजे रस्त्यावरची पहिली मोटारसायकल, डेअरीच्या किटल्यांचा खणखणाट, उसाच्या बैलगाड्यांची घुंगरं, आणि सगळ्यात आधी येणारा उजेड, सगळं त्याच्याच अंगावर. "आता माघात साडेसहापर्यंत अंधार असतो म्हणून ठीक," भाचा म्हणाला. "मेमध्ये सहाच्या आत सूर्य वर असतो, तेव्हा काय कराल?" जिन्याखालची अडगळ मोकळी करायची, क्रेट तिथं ठेवायचा, वरून पोतं टाकायचं, खाली आक्कांचं जुनं लुगडं. रात्री उठलंच तर दिवा लावायचा नाही, बोलायचं नाही, रागवायचंही नाही. उचलायचं, लिंबाखाली न्यायचं, आणून ठेवायचं. आणि उठल्या उठल्या खाऊ बिलकुल नाही. "एकदा चारला बिस्कीट मिळालं ना मावशी, की त्याच्या डोक्यात चारची न्याहारी पक्की झाली. मग तुम्ही कितीही लवकर जेवू घाला."

हे वाक्य लक्षात ठेवा.

मधेच आक्कांनी सहज सांगितलं की भावाने द्राक्षांची पेटी पाठवलीय, त्यातले दोन मणी टाकते ह्याला, आवडीने खातं. फोनमधून एकदम शांतता. मग भाच्याने आवाज चढवला. द्राक्षं नाहीत, बेदाणे नाहीत, कांदा नाही, चॉकलेट नाही. द्राक्षाने कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. माणसाचं कुठलंच औषध नाही, साधी तापाची गोळीसुद्धा नाही. बारामती-इंदापुरात, जिथं हंगामात द्राक्षाशिवाय घर सापडत नाही, तिथं हे कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. आमच्या हातून वाचलं म्हणायचं.

शेवटी त्याने पोटाचं विचारलं. "मडक्यासारखं? मग ते खाल्ल्याचं नाही, जंत आहेत." वजन करून जंताचं औषध द्या म्हणाला. वजन कुठं करायचं? कोपऱ्यावरच्या वाण्याकडे. साखरेच्या पोत्याशेजारी, तराजूच्या ताटलीत भोंग्या बसला, चार किलो दोनशे ग्रॅम भरला, आणि उतरताना वाण्याच्या काट्यावर आठवण ठेवून आला. वाणी म्हणाला, "ह्याचं वजन धरलं का वजा केलं?" तिथून गुरांच्या दवाखान्यात. औषध झालं, पार्वोची पहिली लस झाली. ती सहा ते आठ आठवड्यांत सुरू करायची आणि सोळा आठवड्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यायची. रेबीजची तीन महिने झाल्यावर. तोवर रस्त्यावरच्या कुत्र्यांत न्यायचं नाही. पिल्लू मलूल पडलं, उलट्या-जुलाब लागले तर मात्र हे वेळापत्रक वगैरे गुंडाळून तडक डॉक्टर.

आठवडाभर आक्कांनी सगळं पाळलं. इतकं, की सातला भाकरी घालताना मालिकेचा पहिला भाग बुडू लागला. मधे रात्री एक-दीडलाही ते उठायचं, ते थांबलं. पोट आत गेलं. दिवसा तात्या त्याला जुन्या मोज्याचा गोळा टाकून पळवायचे. सगळं सुधारलं.

आणि रोज दहा कमी चारला भोंग्या वाजतच राहिला.

"जातच तशी," आक्का म्हणाल्या. त्यांचा लांडगा परत आला.

मला मात्र ती दहा मिनिटं खुपायला लागली होती. भोंग्याने उठतं म्हणावं, तर हे भोंग्याच्या आधी. लघवीने उठतं म्हणावं, तर ती रोज मिनिटावर कशी लागेल? कुत्र्याला घड्याळ कळत नाही. घड्याळ असतं ते माणसाकडे.

माघी पौर्णिमा होऊन गेलेली. एका रात्री माझ्या पोटरीत गोळा आला. उठून खिडकीशी पाय ताणत उभी राहिले. बाहेर गारठा, उसाच्या फडावर धुकं. आक्कांच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या खिडकीसमोर येते. तिथं उजेड दिसला. दिव्याचा नाही, गॅसचा, निळा, थरथरणारा. मी घड्याळ पाहिलं. पावणेचार.

मागचं दार आवाज न होऊ देता उघडलं. तात्या बाहेर आले. कानटोपी, खांद्यावर घोंगडी, हातात पेला. पायरीवर बसले. जिन्याखालून भोंग्या आला तो झेप घेत नव्हता, भुंकत नव्हता. शहाण्यासारखा चालत आला आणि त्यांच्या पावलावर बसला. फक्त शेपटी पत्र्याच्या बादलीवर आपटत होती, टण, टण, टण. तात्यांनी ती बादली हळूच पायाने सरकवली. मग घोंगडीतून हात काढला. बशी. बशीत दूध. खिशातून बिस्कीट. बिस्किटाचा अर्धा तुकडा दुधात, अर्धा स्वतःच्या चहात. दोघांनी खाल्लं. तेवढ्यात तात्यांनी कान दिला, वारं इकडचं असावं, पण भोंगा अजून झाला नव्हता. तात्या उठले, बशी विसळून घोंगडीत घातली, दार लावून आत गेले.

आणि भोंग्याने तोंड वर केलं आणि सगळी सोसायटी उठवली. दहा कमी चार.

दुसऱ्या दिवशी आक्का बाजाराला गेल्याचं पाहून मी जाळीशी गेले. तात्या शेवग्याखाली बसून पेपर वाचत होते.

"तात्या, बिस्कीट कुठलं हो आणता?"

त्यांनी पेपर खाली केला नाही. पेपराच्या मागूनच म्हणाले, "बाई, हिला सांगू नका."

मग पेपर खाली आला. तात्या कारखान्यात बॉयलरवर होते. चार ते बारा ही पाळी त्यांनी कुणाला बदलून कधी दिली नाही. "माझा पट्टा पडला, नोकरी सुटली, तरी झोप येत न्हाय. साडेतीन वाजले का डोळा उघाडतोच. पडून ऱ्हायलं तर कूस बदलावी लागतीय, मग ही जागी हुती. एकतीस वर्षं जागी झाली माझ्यापायी. म्हनून हळूच उठतो. लाईट लावत न्हाय. चहा मीच करतो, गाळनी बी आपटत न्हाय. आधी एकलाच बसायचो. आता हे हाय." थोडं थांबून म्हणाले, "ते एकटं बसू देत न्हाय. म्हनून बिस्कीट."

म्हणजे बघा. बायकोची झोप मोडू नये म्हणून माणूस अंधारात चहा करतो, आणि त्या चहापायीच तिची झोप रोज मोडते.

मी भाच्याला विचारलं. तो म्हणाला, काकांना बसू दे, फक्त बशी बंद. नुसता हात ठेवायचा डोक्यावर. आणि आत जाताना चटकन जायचं नाही, ते आडवं झालं की जायचं. पहिले चार-पाच दिवस जास्त भुंकेल, कारण मिळणारं मिळेनासं झालं की आधी ओरड वाढते, मग उतरते. त्या दिवसांत एकदा जरी बिस्कीट दिलंत तर सगळं मुसळ केरात. तात्यांना मी हे सगळं जाळीतून हळू आवाजात सांगितलं. तीस वर्षं मुलांच्या कॉप्या पकडल्या, पण अशी कुजबुज पहिल्यांदा केली.

पहिले पाच दिवस काय झालं ते गल्लीला विचारा. बारावीच्या मुलाच्या आईने मला दोनदा विचारलं, आक्कांच्या कुत्र्याला काय झालंय. सहाव्या दिवशी ओरड निम्म्यावर आली. दहाव्याला नुसतं कुई. पंधरवडा झाला तेव्हा भोंग्या सकाळी साडेपाचला लिंबाखाली जाऊन परत झोपायला लागला. न्याहारी सहाला, मग सव्वासहाला, मग साडेसहाला, असं आक्कांनी दोन-तीन दिवसांआड पाव पाव तासाने ढकललं.

मला वाटलं, गुपित पोटात ठेवल्याचं पुण्य पदरात पडलं. मी एकदा जाळीशी म्हणालेसुद्धा, "बघा आक्का, लांडगा नव्हता ना?"

आक्का लसूण सोलत होत्या. "लांडगा घरातच व्हता की," म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हंजी काय. दुधाच्या पातेल्यातली साय रोज सकाळी मोडल्याली. ही एवडीशी." त्यांनी नखाएवढं दाखवलं. "बिस्किटाचा पुडा मी आनते, मला मोजता येत न्हाय? आन् सदऱ्याच्या खिशात रोज चुरा. धुनं कोन धुतंय?"

"मग आक्का, बारा दिवस माझ्याशी रोज..."

"तुमच्याशी कुठं?" आक्कांनी लसणाची पाकळी वाटीत टाकली. "ह्ये शेवग्याखाली बसल्यालं असतात न्हवं का पेपर घिऊन. तोंडावर बोलले असते तर उद्यापास्नं भाईर बसायचंच बंद केलं असतं त्यांनी. हाथरुनात पडून छताकडं बघत ऱ्हायले असते. मला ते बघवत न्हाय. म्हनून तुमच्याशी बोलत व्हते. मोठ्यानं."

मी शेवग्याकडे पाहिलं. पेपर उघडा होता. पेपराच्या खाली भोंग्याची पांढरी दोन पावलं आणि त्यावर तात्यांचं एक.

मला जरा रागच आला, खरं सांगते. भाचा, वजनकाटा, पोटरीतला गोळा, कुजबुज, एवढा सगळा खटाटोप. आणि मी आपली दोघांच्या मधली जाळी.

मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, गाळप संपलं. उसाच्या बैलगाड्या गेल्या, फडातली पालं उठली, तोडीवाले गावाकडे परतले. चारचा भोंगा थांबला. पहिल्या रात्री काय होतंय ते बघायचं होतं मला. पावणेचारला मागचं दार उघडलं. तात्या पायरीवर बसले. आता घोंगडी नव्हती, उपरणं होतं. भोंग्याने जिन्याखालून एक डोळा उघडला, उभा कान हलवला, आणि परत लुगड्यात तोंड घातलं. तात्या एकटेच.

मग आतला दिवा लागला. चांगला मोठा, सगळं अंगण उजळलं. आक्का दोन पेले घेऊन बाहेर आल्या आणि शेजारी बसल्या. काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने मान आमच्या खिडकीकडे वळवून, अजिबात आवाज न चढवता म्हणाल्या,

"बाई, जाग्या हाय का?"